नजरेतले खंजीर

इंग्रजीत एखाद्याने रागाने रोखून पाहिले, की तो 'खंजीर बघतो' असे म्हणतात. आपल्याकडे अशा वेळी डोळे आग ओकतात. या कल्पनेचा एक जुना ठसा शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये, १६००च्या सुमारास, सापडतो. मात्र तिथे खंजीर नजरेत नसून बोलण्यात आहेत: आईला शब्दांनीच घायाळ करायचे, शस्त्र उचलायचे नाही, असे हॅम्लेट ठरवतो.

खंजीर असो वा आग, डोळ्यांतून काहीतरी बाहेर पडते हे दोन्ही भाषांनी गृहीत धरले आहे. एके काळी हा नुसता अलंकार नव्हता, ते शास्त्र होते. डोळ्यातून सरळ रेषेत किरण निघतात असे मानून युक्लिडने दृष्टीची भूमिती मांडली. किरणांची दिशा चुकली, तरी भूमिती बरीचशी टिकली! आपल्या नैयायिकांनीही नेत्रकिरण मानले आणि पुरावा म्हणून निशाचर प्राण्यांचे चमकणारे डोळे दाखवले. (ती चमक दृष्टिपटलामागच्या थरावरून परतणाऱ्या बाहेरच्याच प्रकाशाची असते.) अकराव्या शतकात इब्न अल्-हैथमने एक साधी गोष्ट पुढे केली: सूर्याकडे पाहिले की डोळे दुखतात. म्हणजे काहीतरी आत येते. पुढे १६०४मध्ये केप्लरने दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा पडते असे दाखवले.

तरी 'नजर टाकणे' आपण सोडलेले नाही. वर्गात डोळा आणि फूल काढून द्यावे व मुलांना बाण काढायला सांगावे. बाण डोळ्याकडून फुलाकडे निघाला, तर नवल वाटू देऊ नये. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतही हीच समजूत आढळल्याचे मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली नोंदवले आहे.