बेशरम : कुंपणाला आणलेलं विष

केम म्हटलं की आपल्याला कुंकू आठवतं. आज मात्र आपण बोलणार आहोत ते बेशरमाबद्दल. आपल्या करमाळा तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला उजनीचा फुगवटा आहे. १९८० साली धरण पुरं झालं आणि भीमेच्या खोऱ्यात मैलोगणती नवा काठ तयार झाला. पावसाळ्यात बुडणारा, उन्हाळ्यात उघडा पडणारा असा काठ बेशरमाला फार मानवतो.

हे झाड इथलं नव्हे. ते मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं. तिकडे हिंडून आलेल्या याक्विन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६० साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. आपल्याकडे ते आणलं माणसांनीच. जांभळट-गुलाबी फुलांसाठी, आणि मुख्य म्हणजे कुंपणासाठी. फांदी खोचली की फुटते, पाणी घालावं लागत नाही, आणि जनावर तोंड लावत नाही. शेतकऱ्याला आणखी काय हवं? म्हणजे ज्या गुणांसाठी आपण ते लावलं, त्याच गुणांवरून पुढे त्याला बेशरम म्हटलं. आज रस्त्यातल्या खड्ड्यात बेशरम लावून आंदोलनं होतात, ती याच नावामुळे.

पण ‘जनावर तोंड लावत नाही’ हे अर्धंच खरं. चारा संपला की शेळी आधी नाइलाजाने खाते, मग चटक लागते आणि ती तेच शोधत फिरते. हळूहळू खंगते, मान थरथरते, चालताना झोक जातो. स्वेनसोनिन नावाचं विष पेशींचं काम बिघडवतं. पुढच्या संशोधनात कळलं, की हे विष झाडाच्या आत राहणारी एक बुरशी तयार करते. लवकर ओळखून खाणं तोडलं तर शेळी सावरू शकते, उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी राहते.

म्हणून काढायचं तर मुळासकट. तोडलेले तुकडे पाण्यात टाकले तर वाहत जाऊन पुढच्या काठावर रुजतात. ते कोरड्या जागी, शेळ्यांपासून लांब, पुरते वाळू द्यावेत. चीक निघतो, तेव्हा हातमोजे घालावेत, हात धुवावेत.

दुष्काळी भागात शेळी म्हणजे गरिबाची गाय. उन्हाळ्यात काठावर हिरवं उरतं ते बहुधा हेच. कुंपण आपण लावलं. त्याची किंमत मोजते ती जिच्याकडे शेत नाही, चार शेळ्याच आहेत ती बाई. बेशरमाच्या इतिहासात तिचीही नोंद आपण ठेवली पाहिजे.