अवकाशातले हुंडेकरी

जेथे फसवणूक नियमबाह्य नाही, तेथे परक्याचा माल पोचवण्याचा धंदा उभा राहतो तरी कसा? हा प्रश्न आम्ही एका खेळाच्या संदर्भात विचारत आहोत. आइसलंडच्या सीसीपी या कंपनीने २००३ साली 'ईव्ह ऑनलाइन' सुरू केला. हजारो तारामंडलांचे एकच विश्व, आणि जगभरचे खेळाडू त्यात एकत्र नांदतात. जहाजे, दारूगोळा बहुतांशी तेच घडवतात, तेच विकतात. पण माल एका स्थानकातून दुसऱ्यात आपोआप जात नाही, कोणीतरी तो वाहून न्यावा लागतो. जिता या बाजारपेठेभोवती म्हणूनच खेळाडूंच्या वाहतूक संस्था उभ्या राहिल्या. त्यांत रेड फ्रॉग फ्रेट हे नाव विशेष गाजले. वाटेतल्या जोखमीसकट माल पोचवण्याचा मक्ता घेणाऱ्याला आपल्या जुन्या व्यापारी परिभाषेत हुंडेकरी म्हणत. तोच शब्द आम्हांला येथे चपखल वाटतो.

करार असा असतो: माल देणारा भाडे व मुदत ठरवतो आणि तारण मागतो. हुंडेकरी ती रक्कम आधी भरतो. माल पोचला तर तारण परत आणि वर भाडे. न पोचला तर तारण देणाऱ्याच्या पदरात. म्हणजे चोरी शक्य आहे, फक्त चोराने किंमत आगाऊ मोजलेली असते. विश्वासाची गरजच उरू नये अशी ही योजना. पण तिने संशयाची दिशा तेवढी उलटवली. क्षुल्लक मालावर भरमसाट तारण लावावे आणि वाटेत आपल्याच माणसांकरवी जहाज फोडावे, किंवा हुंडेकऱ्याला प्रवेशच मिळणार नाही अशा स्थानकाचा पत्ता द्यावा, असे उद्योग माल देणारेच करू लागले. रेड फ्रॉगने तारणाला कमाल मर्यादा घातली, भाडे टप्प्यांच्या संख्येवर बांधले, आणि धोक्याच्या प्रदेशांसाठी ब्लॅक फ्रॉग ही वेगळी शाखा ठेवली.

तथाकथित सुरक्षित प्रदेशातही कॉनकॉर्ड हे पोलिसदल हल्लेखोराला शासन करते, हल्ला मात्र थांबवत नाही. मालवाहू जहाजावर एकही तोफ नाही, वळायलाही ते कमालीचे मंद. पोटातला माल हल्लेखोरांच्या स्वस्त जहाजांहून महाग असला की त्यांचा हिशेब जुळतो. २०१२च्या एप्रिलमध्ये गूनस्वार्म या आघाडीने 'बर्न जिता' ही मोहीम जाहीर करून बाजारपेठेच्या दारातच अशी शिकार केली. पुढे २०२०मध्ये ट्रिग्लाव्हियन आक्रमणात निआर्जा हे मंडल गेले आणि जिता ते अमार हा सुरक्षित रस्ता कितीतरी पट लांबला. एक घाट बंद व्हावा आणि साऱ्या मुलखाचा व्यापार फिरावा, तसेच हे.

हे सारे लुटुपुटीचे, असे कोणी म्हणेल. पण तारणाची ती रक्कम कोणीतरी कित्येक संध्याकाळी खर्चून जमवलेली असते, आणि बुडते तेव्हा त्या संध्याकाळीच बुडतात.

आमचा मुख्य आक्षेप इतिहासलेखनावर आहे. या विश्वाला इतिहासकार लाभले. अँड्र्यू ग्रोएन यांच्या 'एम्पायर्स ऑफ ईव्ह'चा पहिला खंड २०१६ साली आला. त्यात आघाड्यांची युद्धे आहेत, फितुरी आहे. जानेवारी २०१४च्या बी-आर५आरबी येथील रणात ७५ टायटन जहाजे नष्ट झाली, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती घडवण्याचे खनिज कोणी वाहिले, हे विचारणारे विरळा. बखरींच्या वाचकाला ही तऱ्हा ओळखीची वाटेल: लढाईला पानेच्या पाने, धान्य वाहणाऱ्या लमाणांच्या तांड्याला जेमतेम एखादी ओळ. शिवाय साधनांचीच रचना अशी, की फुटलेल्या जहाजाची नोंद आपोआप होते आणि खेळाडूंच्या जाहीर दप्तरांत टिकते; सुखरूप पोचलेल्या मालाला तसले दप्तर नाही. हुंडेकरी त्या कागदांत शिरतो तो बुडाल्यावरच.

कोणा अभ्यासकाने हे काम हाती घ्यावे. जिता-अमार वाटेची २०२०पूर्वीची आणि नंतरची भाडी शेजारीशेजारी मांडली, तरी आरंभ होईल.