वाऱ्याचा डोळा

संस्कृतात खिडकीला वातायन म्हणतात, वाऱ्याची वाट. इंग्रजी 'विंडो' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आलेला, आणि त्याचा मूळ अर्थ 'वाऱ्याचा डोळा'. म्हणजे मान्सूनच्या देशात काय आणि बर्फाच्या देशात काय, भिंतीतल्या या भोकाला माणसाने नाव दिले ते वाऱ्यावरून. विसाव्या शतकाच्या शेवटी मात्र जर्मनीत अशी एक खिडकी घडवली गेली, की जिच्यातून वारा मुळीच येऊ नये आणि उष्णता जवळजवळ जाऊ नये. अलीकडे घर बांधणारे परिचित मला विचारतात, 'तिहेरी काचेच्या जर्मन खिडक्या घ्याव्यात का?' त्याचे उत्तर द्यायचे, तर ती खिडकी मुळात कशासाठी जन्मली हे पाहावे लागते.

काचेवर काच लावण्याची कल्पना नवी नाही. युरोपातल्या जुन्या घरांत हिवाळ्यापुरती दुसरी झडप बसवायची पद्धत होतीच. १८६५ साली न्यूयॉर्कच्या थॉमस स्टेटसनने दोन काचा कडेने जोडून मध्ये हवा कोंडण्याचे पेटंट घेतले. १८९३ मध्ये नान्सेन उत्तर ध्रुवाकडे निघाला, त्याच्या 'फ्राम' जहाजाच्या भिंतींत नमदा, बुचाचे लाकूड, रेनडियरचे केस असे थरावर थर भरले होते आणि छतातल्या उजेडाच्या झरोक्याला एकाआड एक तीन तावदाने होती. आत शेगडी पेटवण्याची फारशी गरज पडत नाही, असे नान्सेनने नोंदवले आहे. पण जहाजावरची युक्ती घरापर्यंत पोहोचायला शंभर वर्षे गेली. कोळसा आणि तेल स्वस्त असताना खिडकीची काळजी कोण करतो? थंड खिडकीखाली रेडिएटर बसवला की काम भागत होते.

१९७३ च्या तेलसंकटाने हे चित्र बदलले. पश्चिम जर्मनीत काही रविवार मोटारी रस्त्यावर आणायला बंदी झाली, आणि १९७७ मध्ये इमारतींच्या उष्णतारोधनाचा पहिला नियम आला. त्याच वर्षी कॅनडातल्या रेजायना शहरात सस्कॅचेवन कॉन्झर्वेशन हाउस उभे राहिले. त्याच्या भिंती जाडजूड, हवाबंद, भट्टी नाहीच. अडचण खिडक्यांची होती. रात्री त्यांवर उष्णतारोधक झडपा ओढाव्या लागत. भिंतीचे कोडे सुटले होते, भोकाचे नव्हते.

ते सोडवले एका न दिसणाऱ्या थराने. दोन साध्या काचांमधल्या फटीतून जी उष्णता जाते, तिचा सुमारे दोनतृतीयांश भाग प्रारणाने, म्हणजे एका काचेकडून दुसरीकडे, तव्याची धग लागावी तसा जातो. हवेचे वहन उरलेल्या भागापुरते. त्यामुळे नुसती फट वाढवून फारसा लाभ नाही. काचेवर चांदीचा अतिसूक्ष्म थर दिला की उजेड आत येतो, पण धग परत फिरते. सत्तरच्या दशकात अमेरिकेत बर्कले येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने या थराच्या कामाला मोठी चालना दिली, आणि ऐंशीच्या दशकात तो बाजारात आला. फटीत हवेऐवजी आर्गॉन किंवा क्रिप्टॉन हा जड वायू भरला की वहनही मंदावते.

मे १९८८ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले बो अ‍ॅडमसन आणि जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट यांच्या चर्चेतून 'पॅसिव्ह हाउस'ची कल्पना आकाराला आली. अ‍ॅडमसन यांनी दक्षिण चीनमधल्या, हिवाळ्यातही तापवल्या न जाणाऱ्या घरांचा अभ्यास केला होता. तीन वर्षांनी, १९९१ मध्ये, डार्मस्टाट शहराच्या क्रानिशस्टाइन भागात चार घरांची एक ओळ बांधून झाली आणि चार कुटुंबे राहायला आली. त्यात फाइस्ट यांचे कुटुंबही होते. स्वतःच्या प्रयोगात स्वतः राहणारा शास्त्रज्ञ मला नेहमीच अधिक विश्वासार्ह वाटतो.

या घरांना तिहेरी काच होती, दोन थर चांदीचे, मध्ये क्रिप्टॉन. एका चौरस मीटर काचेतून, आतबाहेर एक अंशाचा फरक असताना, फक्त ०.७ वॅट उष्णता जात होती. साध्या एकेरी काचेतून सुमारे ५.८ वॅट जाते. पण काच मिळाली तरी चौकट कुठून आणायची? काचेइतकी चांगली चौकट तेव्हा बाजारात नव्हती, आणि चौकट हा खिडकीचा बराच मोठा हिस्सा असतो. अखेर लाकडी चौकटींवर पॉलियुरेथेनच्या फेसाचे आवरण देऊन त्या हाताने तयार करून घेतल्या गेल्या. या इतिहासात काचेची कथा सगळे सांगतात, चौकटीची कुणी सांगत नाही. पण खिडकी फसते ती बहुधा चौकटीत, किंवा चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत.

पुढे नियम ठरला, की मध्य युरोपात काच आणि चौकट मिळून संपूर्ण खिडकीचा आकडा ०.८ च्या वर नसावा. हा आकडा कुठून आला, ते कागदावर करून पाहता येते. बाहेर उणे १०, आत २० अंश. एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग शून्याखाली जातो, म्हणून तिच्यावर बर्फाची फुले उमटत. साध्या दुहेरी काचेचा ९ अंशांच्या आसपास राहतो. गार हवा काचेवरून घसरत पायांशी येते. ०.८ च्या खिडकीचा जवळजवळ १७. तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसता येते आणि खाली रेडिएटर लागत नाही. म्हणजे हा आकडा बिलावरून नव्हे, तर खिडकीशेजारी बसलेल्या माणसाला थंडी वाजते की नाही यावरून आला. बिलही अर्थात उतरले: त्या घरांना तापवायला वर्षाला चौरस मीटरमागे सुमारे १० किलोवॅट-तास, म्हणजे लिटरभर तेलाइतकी ऊर्जा पुरली. दक्षिणेची खिडकी तर हिवाळ्यात गमावते त्याहून अधिक उष्णता उन्हातून कमावते. (या खिडक्या उघडत नाहीत हा गैरसमज. त्या उघडतात, हिवाळ्यात ताज्या हवेसाठी उघडाव्या लागत नाहीत, कारण जाणाऱ्या हवेची ऊब येणाऱ्या हवेला देणारे यंत्र तिथे असते.)

आता परिचितांच्या प्रश्नाकडे. मुंबईत बाहेर ३५ अंश आणि वातानुकूलित खोलीत २६ असतील, तर फरक ९ अंशांचा. डार्मस्टाटच्या ३० अंशांचा नव्हे. एकेरी काचेतूनही तेवढ्याने चौरस मीटरमागे पन्नासेक वॅट आत येतात. दुपारी त्याच पश्चिमेच्या काचेवर ऊन पडते ते पाचशे वॅटच्या घरात. शत्रू वेगळा आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या 'इको-निवास संहिते'नेही निवासी इमारतींसाठी जी मर्यादा घातली, तिच्या हिशेबात काचेतून येणारे ऊन आणि त्यावरचे छज्जे धरलेले आहेत. म्हणून मी त्यांना सांगतो, विक्रेत्याकडे दोन आकडे मागा: चौकटीसकट पूर्ण खिडकीचे यू-मूल्य, आणि उन्हातली किती उष्णता ती आत सोडते तो गुणांक. बहुतेक माहितीपत्रकांत फक्त काचेचा आकडा छापलेला असतो. आणि पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील, तर तिसऱ्या काचेऐवजी पश्चिमेला बाहेरून छज्जा किंवा झडपा बसवून घ्या. काच ओलांडून आत आलेले ऊन आतल्या पडद्याने फारसे परत जात नाही.