लाखेची तबकडी आणि बेकलाइटचें बटण

माघ सरतांना तिरोड्याच्या आसपासचे पळस पानें टाकून फुलांनीं पेटतात. वाटसरूची दृष्टि फुलांवर खिळते. फांद्यांवर कोठें तांबूस खपल्या असल्या तर तिकडे ती सहसा वळत नाहीं. त्या खपल्या म्हणजे लाख. अतिसूक्ष्म कीटक झाडाचा रस शोषून आपल्या अंगाभोवतीं हें राळेचें कवच रचतात. तिरोडा ज्यांत मोडे, त्या जुन्या भंडारा जिल्ह्याच्या जंगलांत ही लाख गोळा होई, आणि शेजारच्या गोंदियास तिचा चपडा करण्याचे कारखाने होते. (गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ सालीं.) काडीवरील लाख खरवडून धुवावयाची, दाणे कापडाच्या लांब पिशवींत भरावयाचे, भट्टीपुढें पिशवी पिळावयाची आणि पाझरलेली राळ ताणून तिचा पातळ पत्रा करावयाचा, अशी ही मेहनतीची कृति.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एमिल बर्लिनर याच्या ग्रामोफोनच्या तबकड्या चपड्यांत दगडाची पूड मिसळून बनूं लागल्या. लाख तापली कीं मऊ होते, निवली कीं कठीण. फार वेळ तापविली तर हा गुण जातो, हें खरें. परंतु बेतानें वागविल्यास फुटकी तबकडी दळून नव्या तबकडींत घालतां येई. १९४२ सालीं महायुद्धामुळें चपडा दुर्मिळ झाला, अमेरिकेनें त्याच्या वापरावर निर्बंध घातले, तेव्हां तेथील कित्येक दुकानदार जुनी तबकडी घेतल्यावांचून नवी देईनात. शिळ्या गाण्याच्या देहांत ताजें गाणें शिरलें!

तत्पूर्वींच विजेच्या तारांच्या वेटोळ्यांना लेप देण्यासाठीं चपड्याची मागणी वाढली होती. त्यास पर्याय शोधतां शोधतां लिओ बेकलंड यानें १९०७ सालीं फिनॉल व फॉर्मल्डिहाइड यांपासून बेकलाइट सिद्ध केलें. कच्च्या मातीचा गोळा पाण्यांत विरघळतो, भाजलेलें मडकें विरघळत नाहीं; तसें एकदां घट्ट झालेलें बेकलाइट पुन्हां वितळत नाहीं. म्हणूनच विजेच्या बटणास तें उत्तम, आणि म्हणूनच बटण मोडल्यावर त्याचें करावें काय, हा प्रश्न.

महाराष्ट्रानें २०१८ सालीं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. घरांत वर्षानुवर्षें टिकणारें प्लास्टिक अर्थातच तिच्याबाहेर राहिलें. अशा मालाची मूळ रासायनिक गांठ सोडविणें हा एक मार्ग आहे. ॲक्रिलिक तापविलें तर त्याचें मूळ द्रव्य बव्हंशीं परत मिळतें. एका जातीच्या नायलॉनपासून कॅप्रोलॅक्टम मिळतें, व त्याचें पुन्हां नायलॉन होतें. परंतु भंगारांत रंग, काचेचे तंतु आणि दहा जातींचा माल एकत्र येतो. निवडणें व तापविणें दोन्हीं महाग. कांहीं ठिकाणीं प्लास्टिकचें तेल काढतात. तें जाळून टाकल्यास त्याला पुनरुपयोग म्हणणें जरा धाडसाचेंच. बेकलाइटची गांठ तर फारच चिवट. त्याचे तुकडे बारीक दळून नव्या मालांत भर म्हणून घालतात, तबकड्यांचे घालीत असत तसेच.