तपासणी, संमती, पसंती

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील पाश्चात्त्य संशोधनात गेल्या काही दशकांत एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला आहे : ज्याला काहीही होत नाही अशा धडधाकट माणसाची तपासणी करायची झाली, तर त्याला कोणती तपासणी पसंत पडेल? एकीकडे मळाचा थोडासा नमुना घेऊन त्यात डोळ्यांना न दिसणारे रक्त आहे का, हे पाहण्याची साधी रीत. दुसरीकडे आदल्या दिवशी रेचक घेऊन पोट साफ करायला लावणारी आणि गुदद्वारातून नळी घालून सबंध आतडे आतून पाहणारी कोलोनोस्कोपी. पहिल्या रीतीने मृत्यू टळतात, हे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ४६,५५१ माणसांवर झालेल्या चाचणीने १९९३ साली दाखवले. दरवर्षी तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू एक-तृतीयांशाने घटले होते. पुढे सॅन फ्रान्सिस्कोतील एका अभ्यासाने (२०१२) माणसांचे तीन गट केले. फक्त कोलोनोस्कोपी सुचवलेल्यांपैकी ३८ टक्क्यांनी तपासणी पुरी केली, फक्त मळतपासणी सुचवलेल्यांपैकी ६७ टक्क्यांनी, आणि ‘दोहोंपैकी तुम्हीच निवडा’ असे सांगितलेल्यांपैकी ६९ टक्क्यांनी. माणसाच्या मनाला विचारले की माणूस येतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

आम्ही साहित्याचे अध्यापक. आतड्याच्या विकारांत आम्हांला गती असण्याचे कारण नाही. परंतु या संशोधनातला ‘पसंती’ हा शब्द आम्हांला अडवतो. मराठीत पसंतीचा प्रसंग म्हटला की आधी आठवतो तो मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम. तिथे पसंती असते, पण ती पाटावर बसलेलीची नसते. वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात इंझोरी नावाचे गाव आहे. तिथल्या पन्नाशीच्या एखाद्या बाईला ‘तुमची पसंती कोणत्या तपासणीला?’ असे विचारायचे झाले, तर त्या वाक्यातला एकेक शब्द तिच्यापर्यंत कोणता इतिहास घेऊन पोहोचेल, हा आमचा प्रश्न आहे. मोठ्या आतड्याच्या बाबतीत तो अजून कल्पनेतलाच म्हणावा लागेल, कारण आपल्याकडे या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आहे आणि २०१६च्या राष्ट्रीय आराखड्यात सामुदायिक तपासणीसाठी तीनच कर्करोग घेतले गेले : तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. मात्र यांतल्या तिसऱ्याच्या निमित्ताने मराठी मुलखातील लाखो बायकांना तपासणीचा अनुभव आलेला आहे आणि त्याची नोंदही झालेली आहे. तेव्हा आतड्याचा प्रश्न समजून घ्यायला आधी बार्शीला जावे लागते.

त्याहीआधी ‘तपासणी’ या शब्दाविषयी थोडे. धडधाकट माणसाला सरकारने थांबवून पाहणे याचा मराठी समाजाला पहिला मोठा अनुभव आला तो १८९७च्या प्लेगात. घरांत शिरणारे सोल्जर, रेल्वेस्थानकांवर प्रवाशांना उतरवून होणारी पाहणी, स्त्रियांच्या अंगाला परपुरुषाचा हात. त्याच वर्षी २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्या आधीच्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या होत्या. एकाच रोगाच्या या दोन आठवणी आहेत, आणि पाठ्यपुस्तकांनी त्या दोन वेगळ्या धड्यांत ठेवल्या. तपासणी म्हणजे झडती, हा अर्थ शब्दकोशात नसेल. शब्दाच्या अंगात तो मुरलेला आहे.

बार्शीने हा अर्थ काही अंशी पुसला. तिथे नर्गिस दत्त यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या कर्करोग रुग्णालयाने १९८७ साली ग्रामीण कर्करोगनोंदणी सुरू केली. शहरात रुग्ण रुग्णालयात येतो आणि त्याची नोंद होते. खेड्यात तो येतच नाही; दुखणे अंगावर काढतो, घरीच मरतो, कोणत्याही वहीत त्याचे नाव लागत नाही. म्हणून बार्शी, भूम आणि परंडा या तालुक्यांतील गावांत नोंदणीचे कार्यकर्ते ठरावीक काळाने स्वतः जाऊ लागले. गावातल्या जाणत्यांशी बोलायचे, कोणती लक्षणे दिसली तर दुर्लक्ष करू नये ते सांगायचे, संशयित रुग्णाला रुग्णालयापर्यंत आणायचे. मोजायला गेलेली माणसे अशी बोलू लागली, आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे व अधिक काळ जगत असल्याचे दिसून आले. यात नवे यंत्र नव्हते, नवे औषध नव्हते. ‘अंगावरून जाणे’ हा शब्द चारचौघींत उच्चारता येऊ लागला होता. भाषेच्या माणसांना यावर फार काही सांगायला नको.

याच पायावर १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात (आजचा धाराशिव) एक मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांची ती होती. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह, आणि चार गट. एका गटाची एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी. चौथ्या गटाची तपासणी नाही. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. त्या गटातील ३४,१२६ स्त्रियांत ३४ मृत्यू, चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांत ६४.

वैद्यकाच्या इतिहासात हे आकडे राहतील. आम्हांला मात्र दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्यांना तपासणीला बोलावले गेले त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के स्त्रिया आल्या. शेतमजुरीचा दिवस बुडवून, तपासणीच्या टेबलावर पाय दुमडून पडण्याची लाज गिळून आल्या. नॉर्वे, स्वीडन आणि पोलंडमधील ५५ ते ६४ वयाच्या माणसांना कोलोनोस्कोपीचे आमंत्रण देणाऱ्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आमंत्रितांपैकी ४२ टक्केच आले होते. दोन तपासण्या वेगळ्या, रोग वेगळे, तेव्हा ही तुलना ताणण्यात अर्थ नाही. पण ‘आपल्या खेड्यांतली माणसे अडाणी, ती तपासणीला येतच नाहीत’ हे वाक्य आपल्या शहरी, सुशिक्षित बैठकांत जितक्या सहजपणे फेकले जाते, त्याला उस्मानाबादने उत्तर दिलेले आहे. आणि तरीही २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी ना कधी झालेल्या स्त्रिया निघाल्या १.९ टक्के. न येण्याचा दोष बायकांवर टाकणारे या दोन आकड्यांचा मेळ कसा घालतात, ते कळत नाही.

आता चौथ्या गटाकडे वळू. उस्मानाबादेतील, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८पासून चाललेल्या आणि तमिळनाडूतील दिंडिगुल जिल्ह्यातील अशा तीन चाचण्यांत मिळून तपासणी न झालेल्या स्त्रिया होत्या १,३८,६२४. त्यांच्यातील किमान २५४ या रोगाने दगावल्या. एरिक सुबा या अमेरिकी डॉक्टरांनी याबद्दल अमेरिकेच्या सरकारकडे तक्रार केली आणि भारतीय वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकातून हा वाद मांडला. पेशींची तपासणी अनेक दशके प्रचारात असताना कोणाला काहीच न देणे न्याय्य कसे, हा त्यांचा आक्षेप. संशोधकांचे म्हणणे असे की, भारतातील प्रचलित व्यवस्थेत तपासणी नव्हतीच. तुलना तिच्याशीच व्हायला हवी होती. मुंबईच्या चाचणीत संमती घेताना स्त्रियांना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती, असे अमेरिकी यंत्रणेने ठरवले. त्याच मुंबईच्या चाचणीने दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांच्या हातून मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी करून दाखवले, हेही खरे. आम्हांला संशोधकांचा हेतू संशयास्पद वाटत नाही. त्यांचा युक्तिवाद मात्र पटत नाही. ‘इथे काहीच नव्हते’ ही वस्तुस्थिती झाली. तिचा आधार घेऊन काहीच न देणे हा निर्णय झाला, आणि निर्णय कोणीतरी घेतलेला असतो. चौथ्या गटातील बाईला, शेजारच्या तालुक्यात बायकांची तपासणी होते आहे आणि तुझी होणार नाही, हे कोणत्या मराठीत सांगितले असते तर तिने अंगठा उठवला असता? संमतीचा शब्द ‘सही’पाशी थांबला, आणि पसंतीचा तर निघालाच नाही. तीन तपासण्यांपैकी कोणती कोणाच्या वाट्याला येणार, हे सोडतीने ठरले होते. शास्त्राला ते आवश्यक होते. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या सोडतीत निदान एक गट असा होता, ज्याला विचारले जाणार होते.

आतड्याकडे परत येऊ. उद्या ही तपासणी इंझोरीसारख्या गावात आलीच, तर ती बहुधा मळाच्या नमुन्याने येईल. कोलोनोस्कोपीचे यंत्र आणि ते चालवणारे हात गावोगाव नेता येत नाहीत. पाश्चात्त्य अभ्यासांनी तिला ‘सोपी’ म्हटले आहे. आपल्याकडे या विषयाची सारी भाषा दूर जाण्याची आहे : परसाकडे जाणे, बहिर्दिशेस जाणे, बाहेर जाऊन येणे. रक्त पडले तर त्याचे नाव ठरलेले, मूळव्याध. आणि मूळव्याधीवर औषध देणारा प्रत्येक बाजारात बसलेला. ही भाषा अढळ आहे असे नव्हे. संत गाडगेबाबांच्या नावाने २०००–०१ साली स्वच्छता अभियान निघाले, आणि चारचौघांत जो शब्द उच्चारला जात नसे त्यातून आलेला ‘हागणदारीमुक्त’ शब्द सरकारी फलकांवर चढला. ग्रामसभेत तो बायकांनीही उच्चारला.

मात्र लाजेपेक्षा अवघड गाठ दुसरीच आहे. या समाजात मळाला हात लावण्याचे काम शतकानुशतके जातीने नेमून दिलेले होते. १९९३ आणि २०१३ अशा दोन कायद्यांनी ते बंद करायला सांगावे लागले. आपल्याच मळाचा नमुना आपल्याच हाताने काडीवर घेणे, ती डबी घरात ठेवणे, ती घेऊन गावातून चालत जाणे या गोष्टी सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रश्नावलीत नव्हत्या. आशाताईने दारोदार जाऊन त्या डब्या गोळा करायच्या असतील, तर पसंतीची पहिली चौकशी तिच्याकडेच करावी लागेल.