मुफ्त वाचनालयाचे पैसे कोण देतो?

आमच्या वर्गातल्या आठवीच्या एका मुलीने एकदा मधल्या सुट्टीत विचारले, "सर, बाजार के पास वाली लायब्ररी में किताबां मुफत मिलते क्या?"

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड.च्या परीक्षेत शालेय जीवनातील ग्रंथालयाचे महत्त्व यावर आम्ही दोन-दोन पाने लिहिली होती. तरीही या साध्या प्रश्नाला धड उत्तर देता आले नाही. वर्तमानपत्र तिथे बसून फुकट वाचता येते, पुस्तक घरी न्यायचे तर अनामत आणि वर्गणी लागते, एवढे सांगितले. मुलगी "अच्छा सर" म्हणून निघून गेली. ती त्या वाचनालयाकडे फिरकली नाही, हे पुढे कळले. तेव्हापासून आम्हाला एक प्रश्न लागून राहिला. सर्वांसाठी असलेले वाचनालय खरोखरच सर्वांसाठी मुफ्त असावे, असे आपल्याकडे कधी कुणी ठरवले होते का? आणि ठरवले असेल, तर त्याचे पैसे कोण देणार होते?

आपल्याकडची जुनी वाचनालये पाहिली तर ती प्रामुख्याने वर्गणीवर उभी राहिली. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. इंग्रज अधिकारी, वकील, शिक्षक, सावकार यांनी पदरमोड करून ती चालवली. त्यांचे ऋण मोठे आहे. पण वर्गणीच्या वाचनालयाचा दरवाजा वर्गणी देणाऱ्यापुरता उघडतो. ज्याच्या घरी संध्याकाळच्या भाकरीची विवंचना, त्याने महिन्याची वर्गणी कुठून आणायची?

या अडचणीवर पूर्ण राज्यापुरता उपाय करून दाखवला तो बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. सयाजीरावांचा जन्म १८६३ सालचा, गाव कवळाणे. हे कवळाणे मालेगाव तालुक्यात आहे. आज ज्या मालेगावचे नाव घेतले की उर्दू मुशायरे आणि यंत्रमाग आठवतात, त्याच तालुक्यातला हा शेतकऱ्याचा मुलगा. १८७५ साली तो बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. बाराव्या वर्षी धुळाक्षरे गिरवलेल्या या राजाने १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला.

सक्तीचे शिक्षण आले आणि लगेच दुसरी अडचण उभी राहिली. मूल चार इयत्ता शिकते, शेतावर किंवा मागावर जाते, हातात पुस्तक येत नाही आणि चार-पाच वर्षांत शिकलेले पुसून जाते. आम्हा मास्तर मंडळींना हे कुणी समजावून सांगायला नको. दरवर्षी शाळा सोडून गेलेली मुले रस्त्यात भेटतात, तेव्हा हे डोळ्यांना दिसते. त्याच सुमारास मोतीभाई अमीन नावाच्या एका शाळामास्तराने गुजरातेत गावोगाव मित्रमंडळ वाचनालये सुरू केली होती. सयाजीराव अमेरिकेच्या प्रवासात तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहून आले होते. त्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणले, वेगळे ग्रंथालय खाते उघडले आणि आपल्या राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकले. बॉर्डन १९१३ साली परत गेले. त्यांच्यामागे हे काम जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी माणसाने पुढे नेले.

ही हकिगत बऱ्याच जणांना माहीत असते. पैशाची बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही, आणि आमच्या मते खरी करामत तिथेच आहे. राजाने मनात आणले असते तर सगळा खर्च खजिन्यातून करता आला असता. पण तशी दानशूर संस्था राजाच्या मर्जीवर जगते. बडोद्यात नियम केला तो तीन वाट्यांचा. एक वाटा गावकऱ्यांनी जमवायचा, तेवढाच पंचायतीने द्यायचा, तेवढाच सरकारने. खेड्यातल्या वाचनालयाला सरकारी वाट्याची कमाल मर्यादा वर्षाला शंभर रुपये, शहराच्या वाचनालयाला तीनशे, प्रांताच्या मुख्य वाचनालयाला सातशे. इमारत बांधायची तरी हिशेब हाच, एक-तृतीयांश प्रत्येकाचा. मात्र असे वाचनालय सर्वांना खुले असले पाहिजे. पैसे दिलेल्याने वाचावे आणि न दिलेल्याने दारात उभे राहावे, हे चालणार नव्हते.

जिथे गावाची ऐपत वाचनालय काढण्याएवढीही नव्हती, तिथे लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालये जात. पेटीत मोजकी पुस्तके, कुलूप, आणि जबाबदारी घ्यायला गावातला एखादा माणूस. बऱ्याचदा तो शाळामास्तरच असणार. वाहतुकीचा खर्च खात्याकडे. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग होते. ज्या काळात आपल्या घरांतून मुलींनी शाळेत जावे की नाही यावर वाद चालला होता, त्या काळातली ही गोष्ट आहे.

बडोद्याची ही वाट पुढे मुंबई इलाख्यात रुजवण्याची योजना आखली ती एका मुसलमान विद्वानाने, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ते ठाऊक आहे. आसफ अली असगर फैजी यांचे नाव आपण घेतो ते इस्लामी कायद्याचे अभ्यासक म्हणून. १८९९ साली माथेरानला जन्मलेले, मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य राहिलेले आणि स्वातंत्र्यानंतर इजिप्तमध्ये भारताचे राजदूत झालेले हे गृहस्थ. १९३९ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई सरकारने ग्रंथालय विकास समिती नेमली, तिचे अध्यक्ष फैजी होते. १९४० साली अहवाल आला. वर राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली विभागीय, मग जिल्हा, तालुका आणि शेवटी खेडे, अशी उतरंड त्यात सुचवली होती. तोवर मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडले होते आणि महायुद्ध सुरू होते. अहवाल बाजूला पडला. खेर १९४६ साली पुन्हा सत्तेवर आले तेव्हा त्याची अंमलबजावणी सुरू झाली. मराठी भागासाठी पुणे, गुजराती भागासाठी अहमदाबाद, कानडी भागासाठी धारवाड अशी विभागीय ग्रंथालये निघाली.

इथे थोडे थांबून विचार करावासा वाटतो. मराठीला प्रदेश होता, गुजरातीला होता, कानडीला होता. उर्दू वाचणारा माणूस मात्र भिवंडीत होता, मालेगावात होता, सोलापुरात, अकोल्यात, कोकणातल्या खाडीकाठच्या गावांत होता. तो सगळीकडे होता आणि म्हणून त्याचा असा विभाग कुठेच नव्हता. यात कुणाची बदनियत होती असे आम्ही म्हणत नाही. योजना प्रदेशावर आखली की पसरलेली जबान दोन रेघांच्या मधून निसटते. अशा जबानीला तिचा वाटा गावागावांतच मागावा लागतो.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. त्याआधी कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली असा कायदा केला होता. मद्रासने १९४८ साली कायदा करताना घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर बसवला. म्हणजे घर असलेला प्रत्येक माणूस थोडे थोडे देतो आणि तो पैसा ग्रंथालयासाठीच राहतो. कर्नाटक आणि केरळनेही उपकर लावला. गोव्याने १९९३ च्या कायद्यात तो मद्यावर लावला. पिणाऱ्याने प्यावे आणि वाचणाऱ्याने वाचावे, असा तो अजब हिशेब! महाराष्ट्राने उपकर लावला नाही. त्याऐवजी ग्रंथालय निधी ठेवला आणि सरकारने त्यात दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत असे कायद्यात लिहिले. प्रत्यक्षात सरकार आज त्याच्या कितीतरी पट अधिक देते. पण ते अनुदान आहे. अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार ते मान्यताप्राप्त ग्रंथालयांना मिळते. त्याचा दर वाढवून घेण्यासाठी ग्रंथालय चालवणाऱ्यांना वर्षानुवर्षे निवेदने द्यावी लागतात. २०१२ नंतर दहा वर्षे गेली, तेव्हा २०२२ साली ६० टक्के वाढीचा निर्णय झाला. २०१२ च्याच पडताळणीनंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता मिळणेही बरीच वर्षे थांबले होते.

म्हणजे आपली व्यवस्था अर्धी बडोद्याची आहे. सरकारचा वाटा आहे. लोकांचा वाटा वर्गणीच्या रूपाने आहे, पण तो गावाने एकत्र दिलेला नाही, वाचकाने एकट्याने दिलेला आहे. त्यामुळे बहुतेक ठिकाणी वाचनकक्ष सर्वांना खुला आणि पुस्तक मात्र वर्गणीदाराला, हा जुना नियम नव्या कायद्यातही टिकून राहिला. आमच्या विद्यार्थिनीला जे उत्तर आम्ही चाचरत दिले होते, त्याची मुळे इतकी खोल गेलेली आहेत.

एवढे समजल्यावर आम्ही त्या वाचनालयात गेलो. मनात तक्रार होती. हजारो पुस्तकांत उर्दूचे एकही नव्हते. ग्रंथपाल शांत गृहस्थ होते. त्यांनी वाचकांची मागणी नोंदवही पुढे ठेवली आणि म्हणाले, "सर, तुम्हीच बघा. इथे लिहिलेलीच पुस्तके आम्ही कमिटीपुढे ठेवतो."

आम्ही पाने उलटली. कितीतरी वर्षांच्या नोंदी होत्या. त्यात उर्दू पुस्तकाची मागणी एकदाही नव्हती. आमच्या मोहल्ल्यातले एकही नाव नव्हते. त्या गावात आम्ही नऊ वर्षे शिकवत होतो आणि आमचेही नव्हते.

तक्रार तोंडातच राहिली. उर्दूला प्रदेश मिळाला नाही हे खरे, उपकर लागला नाही हेही खरे. पण नोंदवही तर सर्वांसमोर उघडी होती. आपल्या वस्त्यांत दानाची कमतरता नाही. मशिदीचे रंगकाम, मदरशाची छत, जलशाचा मंडप यांसाठी एका जुम्म्याला रक्कम उभी राहते, आणि ती राहावीच. ज्या कौमेला वक्फ म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही, जिच्यातल्या खुदाबख्श खान यांनी आपली चार हजार हस्तलिखिते १८९१ साली पाटण्यात लोकांसाठी खुली केली, तिला पुस्तकासाठी वाटा काढणे नवे नाही. सवय मोडली आहे, इतकेच.

त्या दिवशी आम्ही नोंदवहीत मुलांच्या गोष्टींची चार उर्दू पुस्तके लिहिली. शाळेत परतल्यावर सहकारी शिक्षकांशी बोललो. प्रत्येकाने थोडे थोडे घातले आणि वीस मुलांची बालसभासद वर्गणी भरली. बडोद्याच्या हिशेबाने पाहिले तर हा फक्त पहिला वाटा झाला. पुढच्या वर्षीच्या खरेदीत वाचनालयाने उर्दूची अकरा पुस्तके घेतली. खिडकीजवळच्या कपाटात खालच्या फळीवर ती ठेवली आहेत. फळी अजून निम्मीही भरलेली नाही.

ती मुलगी आता दहावीत आहे. परवा तिने तिथून आणलेले पुस्तक आम्हाला दाखवले. ते उर्दूचे नव्हते, मराठीचे होते. "सर, उर्दू के सब पढ के हो गए," ती म्हणाली. "और कब आते?"

आम्ही तिला नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहायला सांगितले आहे.