काहोनोसचे दोन हुतात्मे आणि सापोटेकांच्या वह्या

दि. १ ऑगस्ट २००२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी मेक्सिको शहरातील ग्वादालुपे मातेच्या महामंदिरात हुआन बाउतिस्ता आणि हासिन्तो दे लोस आन्हेलेस ह्या दोन प्रापंचिकांना धन्यवादित म्हणून घोषित केले. आदल्याच दिवशी त्याच ठिकाणी हुआन दिएगो ह्यांना संतपद बहाल करण्यात आले होते. त्या सोहळ्याची वार्ता जगभर गेली, ह्या दोघांची मात्र फारशी कुणाच्या स्मरणात नाही. ते मेक्सिकोच्या दक्षिणेकडील ओआहाका प्रांतातील सापोटेक जमातीचे, विवाहित आणि मुलाबाळांचे धनी होते. इ. स. १७०० मध्ये त्यांच्याच गावकऱ्यांनी त्यांचा वध केला. त्यामुळे २००२ साली त्या देशातील काही मूळ रहिवाशांनी विचारले की, परक्या सत्तेला आपल्या माणसांची खबर देणाऱ्यांना हुतात्मे कसे म्हणावे? हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. त्याला उत्तर द्यायचे तर गेल्या काही दशकांत अभ्यासकांनी मूळ रहिवाशांच्या भाषांतील कागदपत्रांतून काय वाचून काढले, ते पाहावे लागते.

स्पॅनिश सैन्याने १५२१ साली नाहुआ लोकांची राजधानी टेनोच्टिट्लान जिंकली. १५२४ मध्ये बारा फ्रान्सिस्कन संन्यासी तेथे पोहोचले आणि १५२६ मध्ये डॉमिनिकन आले. पुढे ओआहाका हे डॉमिनिकनांचे क्षेत्र ठरले. फ्रेंच इतिहासकार रोबेर रिकार ह्यांनी ह्या मिशनकार्याचा इतिहास १९३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यांनी त्याला ‘आध्यात्मिक विजय’ असे नाव दिले. ग्रंथ विद्वत्तापूर्ण आहे, परंतु त्याचा आधार मुख्यतः मिशनऱ्यांचे लेखन हा होता. त्याविरुद्ध दुसरा पक्ष म्हणत असे की, हे लोक वरवर ख्रिस्ती झाले आणि वेदीच्या मागे जुनी दैवतेच पुजत राहिली. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे ज्यांचे धर्मांतर झाले त्यांचे स्वतःचे म्हणणे आता मिळणे नाही.

प्रत्यक्षात ते विपुल मिळते. संन्याशांनी शिकवलेली रोमन लिपी नाहुआंनी लवकरच आत्मसात केली आणि मृत्युपत्रे, ग्रामसभांची इतिवृत्ते, भ्रातृमंडळांचे हिशेब नाहुआत्ल भाषेत लिहून ठेवले. जेम्स लॉकहार्ट ह्यांचा १९९२ सालचा ग्रंथ अशा कागदांवरच उभा आहे. त्यांच्या मते स्पॅनिश आणि नाहुआ ह्या दोघांनाही समोरच्याच्या रीती आपल्यासारख्याच वाटत आणि ह्या परस्पर गैरसमजावर पिढ्यान् पिढ्या व्यवहार सुरळीत चालला. नाहुआ गावाचे दैवत हे गावाच्या अस्तित्वाची खूण होते. त्या जागी आश्रयदाता संत आला आणि गाव ‘आपल्या’ संताभोवती पुन्हा उभे राहिले.

लुईस बर्कहार्ट ह्यांनी १९८९ साली धर्मशिक्षणाच्या शब्दांचाच शोध घेतला. ‘पाप’ ह्या अर्थी संन्याशांनी ‘त्लात्लाकोल्लि’ हा नाहुआत्ल शब्द निवडला. त्याचा मूळ अर्थ बिघडलेली, नासलेली गोष्ट असा होतो. त्यात कर्त्याच्या हेतूपेक्षा घडलेल्या नुकसानीवर भर आहे. सैतानासाठी निवडलेल्या शब्दाचा शब्दशः अर्थ होतो ‘घुबडमाणूस’, म्हणजे रात्री हिंडणारा जादूगार. असे शब्द ऐकणाऱ्या नाहुआ श्रोत्याच्या मनात उभे राहणारे चित्र बोलणाऱ्याच्या मनातील चित्राहून निराळे असणारच. तरीही ह्याला फसलेले भाषांतर म्हणणे मला उतावीळपणाचे वाटते. आपल्या भाषेत प्रार्थना करणारा प्रत्येक समाज सुवार्तेला स्वतःचा शब्द देतो.

हे शब्द निवडण्यात नाहुआ विद्वानांचाही वाटा होता. १५३६ साली त्लाटेलोल्को येथे स्थापन झालेल्या विद्यालयात सरदारांची मुले लॅटिन शिकली. त्यांतील आंतोनियो व्हालेरियानो आणि इतरांच्या साहाय्याने फ्रान्सिस्कन संन्यासी बेर्नार्दिनो दे सहागुन ह्यांनी नाहुआंच्या धर्म व जीवनावरील बारा भागांचा ग्रंथ सिद्ध केला. १५७७ मध्ये राजा दुसरा फिलिप ह्याने असे लेखन थांबवून हस्तलिखिते जप्त करण्याचा हुकूम काढला. सुदैवाने एक संपूर्ण प्रत वाचली, ती फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे. विद्यालय काढताना त्यातून धर्मगुरू घडतील अशी आशा होती. ती फोल ठरली. १५५५ च्या पहिल्या मेक्सिकन प्रांतीय परिषदेने मूळ रहिवाशांना गुरुदीक्षा देण्यास मनाई केली.

ह्या मनाईचे परिणाम दूरवर गेले. गावातील श्रद्धावंताला ख्रिस्तसभेत जे मोठे पद मिळू शकत होते ते ‘फिस्काल’चे. लोकांना मिस्सेला व धर्मशिक्षणाला जमवणे आणि गावात चोरून जुने विधी होत असल्यास धर्मगुरूंना कळवणे, ही त्याची कामे असत. तो गावकऱ्यांतलाच असे, पण त्याला दोन धन्यांची मर्जी राखावी लागे. हुआन बाउतिस्ता आणि हासिन्तो सान फ्रान्सिस्को काहोनोस ह्या गावी ह्याच पदावर होते.

दि. १४ सप्टेंबर १७०० च्या रात्री गावातील एका घरात पूर्वजांच्या रीतीने विधी चालू असल्याचे त्यांनी डॉमिनिकन मठात कळवले. संन्याशांनी काही स्पॅनिश माणसांसह तेथे जाऊन विधी उधळला आणि साहित्य ताब्यात घेतले. दुसऱ्या दिवशी संतप्त जमावाने मठाला वेढा घातला व दोघा फिस्कालांची मागणी केली. अखेर त्यांना जमावाच्या स्वाधीन करण्यात आले. ज्यांनी खबर घेतली त्यांनीच खबर देणाऱ्यांना बाहेर सोपवले, ही गोष्ट हुतात्म्यांच्या चरित्रांत घाईने उरकली जाते. दोघांना फटके मारण्यात आले, जुन्या विधींकडे परतण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि १६ सप्टेंबरला त्यांना ठार मारण्यात आले. १७०२ मध्ये ह्या गुन्ह्यासाठी पंधरा सापोटेकांना देहान्त शासन झाले.

ह्यानंतर ओआहाकाचे बिशप आन्हेल माल्दोनादो ह्यांनी निराळा मार्ग पत्करला. १७०४-०५ मध्ये त्यांनी विया आल्ता भागातील गावांना सांगितले की, विधींची कबुली द्या, त्यांचे ग्रंथ आणून द्या, म्हणजे सार्वत्रिक क्षमा मिळेल. सुमारे शंभर हस्तलिखित वह्या जमा झाल्या. त्या जाळल्या गेल्या नाहीत. कबुलीजबाबांसह त्या स्पेनला रवाना झाल्या आणि आज सेव्हिल येथील इंडिजच्या अभिलेखागारात आहेत. जे पुसून टाकायचे होते ते अशा रीतीने ख्रिस्तसभेच्याच कारवाईमुळे टिकून राहिले.

बहुतेक वह्यांत २६० दिवसांचे सापोटेक पंचांग आहे. तेरा दिवसांचे वीस गट आणि पासष्ट दिवसांचे चार भाग अशी त्याची मांडणी असून दिवस पाहून शुभाशुभ सांगितले जाई. लिपी अर्थातच संन्याशांनी आणलेली रोमन. चार वह्या गीतांच्या आहेत. त्यांपैकी दोहोंत पूर्वजांना आवाहन करणारी गीते आहेत, तर उरलेल्या दोहोंत सापोटेक भाषेतील ख्रिस्ती गीते आहेत. ह्या वह्यांचा सखोल अभ्यास दाविद तावारेस ह्यांनी केला. त्यांचे दोन ग्रंथ २०११ आणि २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यांतून दिसणारा सापोटेक मनुष्य एका धर्माचा मुखवटा घालून दुसरा धर्म पाळणारा नाही. पीक, पाऊस आणि गावाचे आरोग्य ह्यांसाठी तो पूर्वजांकडे जाई, तर मुलाच्या स्नानसंस्कारासाठी आणि संताच्या सणासाठी ख्रिस्तमंदिरात येई. ह्यांत विसंगती आहे असे त्याला वाटत नसे, ती धर्मगुरूंना वाटे.

याना यानाकाकिस ह्यांचे वसाहतकालीन ओआहाकातील मूळ मध्यस्थांवरील पुस्तक २००८ साली आले. गाव आणि सत्ता ह्यांच्यामध्ये उभ्या असलेल्या अशा माणसांची कोंडी त्यातून कळते. फिस्काल हे कर्तव्याने बांधलेले होते, म्हणून त्यांना केवळ खबरे म्हणणे अन्यायाचे होईल. मृत्यू समोर असताना त्यांनी ख्रिस्ताला नाकारले नाही, आणि ख्रिस्तसभा त्यांचा गौरव करते तो ह्याच साक्षीसाठी. परंतु त्यांना ज्या व्यवस्थेने शेजाऱ्यांवर पहारा ठेवायला लावले, तिचा गौरव त्यात येत नाही, असे माझे मत आहे. फाशी गेलेल्या पंधरा जणांनाही स्नानसंस्कार मिळालेला होता.

दोघा हुतात्म्यांचे अवशेष ओआहाकाच्या कॅथेड्रलमध्ये आहेत. सिएरा भागातील गावांत सापोटेक भाषा आजही बोलली जाते आणि वसाहतकालीन सापोटेक कागदपत्रे उलगडताना अभ्यासक त्या भाषकांचे साहाय्य घेत आहेत.